सेट देखणा आहे, पण वावरायचं कसं?

राज्य नाट्य स्पर्धेचा हंगाम तोंडावर आला की हौशी नटमंडळींकडून ठरावीक प्रश्न यायला लागतात. "सेट प्रयोगाच्या दिवशीच पहिल्यांदा दिसतो, काय करू?" "जिना इतका उभा आहे की नऊवारी नेसून उतरता येत नाही, पण दिग्दर्शक म्हणतात सवय होईल." "सांगायचं कोणाला, नेपथ्यकारांना की दिग्दर्शकांना?" आणि सगळ्यात शेवटी, जरा चाचरत, "नाही म्हटलं तर भूमिका जाईल का?" प्रश्न विचारणारे गावोगावचे असतात, दुखणं एकच. सेट कागदावर ठरतो, कॉम्प्युटरवर रंगतो, सुताराच्या हातून उभा राहतो आणि ज्याला त्यावर काम करायचं आहे त्याचा पाय सगळ्यात शेवटी त्याला लागतो.

पडदा उघडताच सेटला टाळी देणं ही आपल्या प्रेक्षकांची जुनी सवय आहे. नेपथ्यकाराच्या कष्टांची ती पावती, त्यात गैर काही नाही. पण त्या टाळीचा मोह संघाला महागात पडतो. टाळी दहा सेकंदांत संपते. पुढचे दोन तास तुम्हाला त्याच जिन्यावरून ताटं घेऊन उतरायचं असतं, त्याच दारातून रागाने बाहेर पडायचं असतं आणि काळोखात त्याच पायऱ्या चाचपायच्या असतात. पुढचं सगळं त्या दोन तासांसाठी आहे.

आधी अडचणीची जात ओळखा

"सेट गैरसोयीचा आहे" एवढं म्हणून भागत नाही. तोंड उघडण्याआधी मनाशी तीन कप्पे करा.

- धोका: तुम्ही पडाल, कापेल, भाजेल किंवा अंगावर काही येईल. कठडा नसलेली उंच लेव्हल, डुगडुगणारा जिना, मागून आधार न दिलेला फ्लॅट, उघडी वायर.
- अडथळा: इजा होणार नाही, पण काम नीट होणार नाही. अडकणारं दार, इतका खोल सोफा की म्हाताऱ्याची भूमिका करणाऱ्याला वाक्य संपायच्या आत उठताच येत नाही, प्रेक्षकांकडे पाठ करायला लावणारी खिडकी.
- नावड: रंग पटत नाही, पडदे जुनाट वाटतात, टेबल दुसऱ्या कोपऱ्यात हवं होतं.

धोका दिसला त्याच दिवशी सांगायचा. अडथळा तालमीत, हातात पर्याय घेऊन सांगायचा. नावड पोटात ठेवायची. तिसऱ्या कप्प्यातल्या तक्रारी करून कित्येक नट आपली पत घालवतात आणि मग त्यांची पहिल्या कप्प्यातली तक्रारही "याचं नेहमीचंच" म्हणून बाजूला पडते.

एक लक्षात घ्या. अडचणीचा सेट म्हणजे वाईट सेट नव्हे. चाळीतली दहा बाय दहाची खोली दाखवायची असेल तर ती अडचणीचीच हवी. माणसं एकमेकांना घासत, खाट ओलांडत वावरली तर नाटकाचा फायदाच आहे. प्रश्न अडचणीचा नाही. ती अडचण नाटकाने मागितली आहे की नुसती मोजमाप चुकल्याने आली आहे, हा आहे.

कागदावर असतानाच बोला

सुताराने प्लाय कापला की पुढचा प्रत्येक बदल पैशांचा आणि मानापमानाचा होतो. त्यामुळे तुमचं म्हणणं ऐकलं जाण्याची खरी वेळ आराखड्याच्या बैठकीची. हल्ली नेपथ्यकार मोबाइलवर रंगीत थ्रीडी चित्र पाठवतात. ते बघून "वा, वा" करायला हरकत नाही, पण ते चित्र रिकाम्या सेटचं असतं आणि बहुतेक वेळा मधल्या रांगेतल्या, मधल्या खुर्चीवरून पाहिलेलं असतं. दोन गोष्टी मागून घ्या: फुटांत मापं लिहिलेला ग्राउंड प्लॅन आणि त्याच चित्रात साडेपाच फुटांचा एक माणूस उभा केलेला. दार किती ठेंगणं आहे आणि लेव्हल किती उंच, हे त्या एका माणसाने चटकन कळतं.

ग्राउंड प्लॅन हातात आला की आपल्या भूमिकेपुरते एवढे प्रश्न विचारा:

- माझ्या प्रत्येक प्रवेशाला आणि निर्गमनाला वाट कुठली? विंगेत पाऊल टाकल्यावर उभं राहायला जागा किती?
- वर जाणारा जिना दिसतो. पलीकडे उतरायचं कशावरून?
- प्रत्येक लेव्हलची उंची किती इंच? कडेला काय आहे?
- दार कुठल्या बाजूला उघडतं?
- माझ्या दोन प्रवेशांच्या मध्ये मला सेटच्या मागून पलीकडे जाता येतं का?

शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो. मागची भिंत सायक्लोरामाला टेकवून लावली की डावीकडून गेलेला नट उजवीकडून येऊ शकत नाही. मग प्रयोगाच्या दिवशी तो नाट्यगृहाबाहेरून, पार्किंगमधून धावत येताना दिसतो.

दौऱ्याचं नाटक असेल तर आणखी एक प्रश्न आहे. शिवाजी मंदिरात बसलेला सेट तालुक्याच्या सभागृहात बसेलच असं नाही. सेट आखडला की पहिला बळी जिन्याचा आणि विंगेतल्या जागेचा जातो. "लहान रंगमंचावर यातलं काय वगळणार?" हे आधीच ठरवून घ्या आणि त्या छोट्या मांडणीची निदान एक तालीम करा.

जिना: इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो

घरच्या जिन्याचं गणित राष्ट्रीय इमारत संहितेत दिलेलं आहे. राहत्या घरात पायरीची उंची जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर आणि पाऊल ठेवायची रुंदी किमान २५ सेंटिमीटर. लोक जमतात अशा इमारतींत उंची १५ आणि रुंदी ३०. इंचांत सांगायचं तर सार्वजनिक जिना सहा इंच चढतो आणि बारा इंच पुढे जातो. सेटवरचा जिना तात्पुरता असतो, त्याला हा नियम कोणी लावत नाही. पण तुमचा पाय तात्पुरता नसतो, म्हणून फूटपट्टी हीच धरा.

नेपथ्यकार जिना उभा का करतात, तेही समजून घ्या. सहा फूट उंचीवर पोचायचं आहे. सहा इंचांच्या पायऱ्या केल्या तर बारा चढ लागतात, आणि बारा इंच रुंदीने जिना अकरा फूट लांब होतो. तेच नऊ इंचांचे चढ आणि नऊ इंच रुंदी धरली तर जिना सव्वापाच फुटांत आटोपतो. जवळजवळ सहा फूट जागा वाचते. लहान रंगमंचावर सहा फूट म्हणजे दिवाणखान्याचा निम्मा भाग. ही ओढाताण खरी आहे, म्हणून नुसतं "जिना उभा आहे" म्हणून उपयोग नाही. "उंची सहाऐवजी चार फूट केली तर चालेल का?" असं विचारा. चार फुटांना सहा इंचांचे आठच चढ लागतात आणि सात फुटांत काम होतं. बाल्कनी सहा फुटांवर आहे की चारवर, हे प्रेक्षक मोजत नाहीत.

चढताना फारसं काही होत नाही, पाय घसरतो तो उतरताना. नऊ इंचांच्या पायरीवर मोठ्या माणसाचं पाऊल पूर्ण मावत नाही, टाच मागे टेकते आणि बोटं हवेत राहतात. त्यात नजर प्रेक्षकांकडे, हातात ट्रे, अंगावर नऊवारी किंवा घोळदार परकर. जिना पहिल्यांदा पायाखाली आला की असं तपासा:

१. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत का? टेपने मोजा. एकच पायरी अर्ध्या-पाऊण इंचाने वेगळी असली तरी तिथे ठेच लागते, कारण पायाने आधीच्या पायऱ्यांवरून अंदाज बांधलेला असतो. चूक बहुधा सगळ्यात वरच्या किंवा सगळ्यात खालच्या पायरीत असते.

२. मधोमध उभे राहून अंग दोन्ही बाजूंना हलवा. जिना हलला तर तो लेव्हलला बोल्टने बांधलेला नाही, नुसता टेकवलेला आहे.

३. कठड्याला धरून ओढा. बरेच कठडे शोभेचे असतात. तुमचा कठडा तसाच असेल तर "याला कोणी हात लावायचा नाही" हे सगळ्या नटांना कळलं पाहिजे, नाहीतर तो खरा करून घ्या.

४. प्रयोगात घालणार आहात तीच चप्पल आणि तोच पोशाख घालून पाच वेळा उतरा. शेवटची दोनदा काळोखात.

५. मागची उतरण बघा. पुढचा जिना रंगवलेला, गालिचा घातलेला असतो आणि मागे बहुधा एखादी घोडी किंवा एकावर एक ठेवलेले ठोकळे. तिथे उजेड नसतो आणि तुम्ही आत्ताच झगझगीत प्रकाशातून आलेले असता. खाली हात द्यायला एक माणूस आणि एक निळा दिवा, एवढं तरी मागाच.

दार

तालमीत दार म्हणजे दोन खुर्च्या. त्यामुळे खऱ्या दाराचा स्वभाव प्रयोगापर्यंत कळत नाही.

दार विंगेकडे उघडणारं असेल तर नट सरळ आत येतो. रंगमंचाच्या बाजूला उघडणारं दार पुष्कळदा नटाला झाकतं, आणि ते बंद करायला त्याला वळून पाठ दाखवावी लागते. प्रवेशाचं पहिलं वाक्य अशा वेळी भिंतीला ऐकवलं जातं. हे कागदावरच बदलून घेता येतं, बिजागरी कुठे लावायची एवढाच प्रश्न असतो.

दुसरी गोष्ट उंबऱ्याची. चौकट ताठ राहावी म्हणून खाली लोखंडी किंवा लाकडी पट्टी ठोकतात. ती अर्धा इंच वर आली तरी पदर सांभाळत येणारी नटी अडखळते. पट्टी दिसेल अशी रंगवा किंवा तिच्या दोन्ही बाजूंना उतार द्या.

आपटण्याचं दार असेल तर भिंतीसाठी वेगळा आधार मागा. कौटुंबिक नाटकात कोणीतरी दार आपटून घर सोडतंच. आणि त्या क्षणी भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोसकट अख्खं घर हललं की प्रेक्षक हसतात. फ्लॅटला मागून तिरका ब्रेस आणि त्याच्या पायावर वजन, एवढ्याने काम होतं. कडी खरी लावू नका, प्रयोगात ती अडकते. कपाटाला असते तशी चुंबकाची पकड पुरते.

आणि तरीही दार अडकलं तर? दुसरी वाट आधीच ठरवून ठेवा. "दार उघडलं नाही तर स्वयंपाकघराच्या बाजूने" हे प्रत्येकाला ठाऊक हवं. प्रेक्षक क्षमाशील असतात. दाराशी झटापट करणारा नट मात्र त्यांच्या लक्षात राहतो.

लेव्हल, उतार आणि फिरता रंगमंच

प्लायचा तक्ता आठ बाय चारचा मिळतो, म्हणून लेव्हलही बहुधा त्याच मापाच्या किंवा त्याच्या निम्म्या असतात. धोका दोन लेव्हल जोडतात त्या फटीत असतो. वर गालिचा अंथरला की फट दिसत नाही, पण उंच टाचेला सापडते. गालिचा घालायच्या आधी सेट बघायला जा. खिळ्यांची डोकी हाताने नाही, जुन्या चपलेच्या तळव्याने चाचपा.

पोकळ लेव्हल वाजते. त्यावरून चालणाऱ्याच्या पावलांचा धाडधाड आवाज पुढे बोलणाऱ्याचं वाक्य गिळतो. आत जुन्या चिंध्या किंवा फोम भरला आणि वर जाड सतरंजी ठोकली की आवाज बराच मरतो. तोवर दुसऱ्याच्या महत्त्वाच्या वाक्यावर चालायचं नाही, हे आपसात ठरवा.

उतरत्या रंगमंचाचं वेड अधूनमधून येतं. चित्र सुंदर दिसतं, मागचे नट झाकले जात नाहीत. पण रोज तीन तास तालीम केल्यावर घोटे, गुडघे आणि कंबर बोलायला लागतात. व्हीलचेअरसाठीच्या उताराचं सर्वमान्य प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे बारा फुटांत एक फूट. त्याहून उभा उतार असेल तर पळणं, नाच, मारामारी आणि चाकांचं फर्निचर यांतलं काय काय त्यावर होणार आहे, ते दिग्दर्शकांना नाव घेऊन विचारा.

पैसा ओतला की धोका जातो, अशीही समजूत आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने २०१० साली वाग्नरच्या 'रिंग' मालिकेसाठी रॉबर्ट लपाज यांच्या दिग्दर्शनात ४५ टन वजनाचं, २४ फिरत्या फळ्यांचं यंत्र उभं केलं. ते पेलण्यासाठी रंगमंच खालून मजबूत करावा लागला. पहिल्याच प्रयोगात शेवटच्या प्रसंगी फळ्या जागेवर आल्या नाहीत आणि देवांचं स्वर्गारोहण राहूनच गेलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या भागाच्या पहिल्या प्रयोगाला नायिका डेबोरा व्हॉइट त्याच यंत्रावर घसरल्या. जगातल्या सर्वांत श्रीमंत नाट्यगृहांपैकी एकाची ही कथा.

आपल्याकडे १९६२ साली आलेल्या 'तो मी नव्हेच'मध्ये फिरता रंगमंच वापरला गेला आणि प्रभाकर पणशीकरांनी तो पुढे वर्षानुवर्षं चालवून दाखवला. तो चालला कारण हलणारा भाग आणि नटाची हालचाल दोन्ही पक्की बसवलेली होती. तुमच्या नाटकात काही फिरत, सरकत किंवा वरून उतरत असेल तर नियम साधे ठेवा. हलवण्याचा इशारा एकाच माणसाचा. तो इशारा मिळण्याआधी सगळे ठरल्या जागी. हलताना कडेवर कोणी उभं राहायचं नाही. कोणीही "थांबा" म्हटलं की हलणं थांबलंच पाहिजे, मग म्हणणारा नायक असो की चहा आणणारा मुलगा.

काळोख आणि आवाज

ब्लॅकआउटमध्ये पाय कुठे पडतो हे डोळ्यांना नाही, शरीराला माहीत असावं लागतं. लेव्हलच्या कडेवर, पायरीच्या टोकावर आणि टेबलाच्या कोपऱ्यावर रेडियमची पट्टी लावून घ्या. नखाएवढे तुकडे पुरतात, मोठ्या पट्ट्या प्रेक्षकांनाही दिसतात. प्रत्येक ब्लॅकआउटची वाट पावलं मोजून बसवा. काळोखात फर्निचर कोण हलवणार आणि त्या वेळी तुम्ही कुठल्या बाजूने जाणार, हे एकदा उजेडात, सावकाश करून बघा. टकरा बहुधा इथेच होतात.

आवाजाचं कोणी सेट बघताना मनातही आणत नाही. आपल्या बऱ्याच नाट्यगृहांत रंगमंचाच्या पुढच्या कडेला फूट माईक आणि वर टांगते माईक असतात. मागच्या उंच लेव्हलवर, त्यातही एखाद्या कमानीच्या आत, तुम्ही या माईकच्या टापूबाहेर जाता. ज्या सेटवर सर्वांत महत्त्वाचं स्वगत मागच्या बाल्कनीत ठेवलंय, तिथे तालमीतच शेवटच्या रांगेत माणूस बसवा आणि ऐकू येतंय का ते विचारा.

आग

थर्माकोल, कापड, फोम, सुकलेलं गवत: देखण्या सेटचा अर्धा ऐवज पेट घेणारा असतो आणि वर तापलेले दिवे. कोल्हापूरचं १९१५ साली उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, ते दृश्य पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. नाटकात समई, निरांजन, सिगारेट किंवा होम असेल तर विजेवरचा दिवा वापरता येईल का ते आधी विचारा. खरी ज्योत हवीच असेल तर नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांची परवानगी घ्या, विंगेत वाळूची बादली आणि अग्निशामक ठेवा, आणि ते चालवता येणारा माणूस तिथेच उभा ठेवा. ज्योतीजवळ जाणाऱ्या नटीने सिंथेटिक साडी नेसू नये.

सांगायचं कोणाला आणि कसं

पहिलं सांगणं दिग्दर्शकांना. नेपथ्यकारांशी थेट बोलायला हरकत नाही, पण दिग्दर्शकांच्या देखत. त्यांना वगळून सुताराकडून पायरी कापून घेतलीत तर पुढचं महाभारत तुमच्या नावावर. दौऱ्यावर असाल तर रंगमंच व्यवस्था पाहणाऱ्यांना सांगा, कारण सेट रोज तेच लावतात आणि कुठला बोल्ट सैल होतो हे त्यांना सगळ्यांत आधी कळतं.

सांगताना प्रसंग, कृती, माप आणि पर्याय, एवढं सगळं एकदम द्या. उदाहरणार्थ:

"दादा, दुसऱ्या अंकात मी वरून चहाचा ट्रे घेऊन उतरते. दोन्ही हात अडकलेले असतात आणि अंगावर नऊवारी आहे. पायरी नऊ इंचांची आहे. सहा-साडेसहाची झाली तर उतरता येईल. जागा नसेल तर मी वरून न येता माजघरातून येते, चालेल का?"

"हा जिना कोणी केलाय?" या वाक्याने सुरुवात केलेली चर्चा कधीच पायरीपर्यंत पोचत नाही.

आणि एक मागणी प्रत्येक नाटकात कराच: सगळा सेट नको, पण जिना आणि दार तालमीला आठ दिवस आधी आणून द्या. रंग नसला तरी चालेल. टेम्पोचं एक भाडं जास्त पडतं, एवढाच खर्च. राज्य नाट्य स्पर्धेत किंवा पुरुषोत्तम करंडकाला सेट लावायला मिळणारा वेळ मोजकाच असतो, तो लेव्हल जुळवण्यात जातो आणि नटांच्या वाट्याला काही उरत नाही. तरीही सेट लागल्यावर पडदा उघडण्याआधी पाच मिनिटं नटांसाठी मागा. त्या वेळात संवाद म्हणू नका, फक्त सगळ्यांच्या वाटा चालून घ्या.

मोठा सेट हवाच का?

हा प्रश्न नटानेही विचारायला हरकत नाही. सिंधुदुर्गातल्या दशावतारात एक लाकडी बाकडं रात्रभर सिंहासन, पलंग आणि दरबार होतं. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांचीच भिंत उभी राहिली. तीच पडदा झाली, तीच पुणं झालं. छबिलदास शाळेच्या सभागृहात वाढलेल्या प्रायोगिक नाटकांना मोठा सेट परवडणाराच नव्हता आणि त्यांचं काही अडलं नाही. संघाकडे चांगला सुतार, पुरेसा वेळ आणि रंगीत तालमीला खरा रंगमंच नसेल तर दुमजली वाडा उभारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाही म्हणण्याचा हक्क, आणि विमा

आपल्याकडे संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. जिन्याची पायरी तपासायला मात्र कुठलं मंडळ येत नाही. ते काम तुमचं आणि तुमच्या संघाचं.

धोक्याच्या कप्प्यातल्या गोष्टीला तुम्ही नकार देऊ शकता, आणि द्यावा. तो भूमिकेला नसून त्या एका हालचालीला असतो, हे आवाज न चढवता सांगा: "भूमिका मी करतोय, पण कठडा लागेपर्यंत त्या लेव्हलवर जाणार नाही. तोवर हा प्रसंग खाली करू." तेच व्हॉट्सॲप गटावर दोन ओळींत लिहून ठेवा. भांडणासाठी नव्हे, दुसऱ्या दिवशी "आम्हाला कोणी बोललं नाही" असं होऊ नये म्हणून. संघात अठरा वर्षांखालची मुलं असतील तर त्यांच्या पालकांना सेट प्रत्यक्ष दाखवा. मुलं स्वतः कधी नाही म्हणत नाहीत.

नाईटवर किंवा मानधनावर काम करत असाल तर एका कागदावर निदान एवढं ठरवून घ्या: सेटवर दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा, प्रयोग बुडालेल्या काळाचं मानधन मिळणार का, आणि अवघड कसरत असेल तर तिच्या तालमी किती होणार. पगारी नोकरीत नसलेल्या नटाला कामगार कायद्याखाली भरपाई आपोआप मिळेल, असं धरून चालू नका. वाद झालाच तर नाट्य परिषदेच्या तुमच्या शाखेकडे आणि गरज पडल्यास वकिलाकडे जा. उपचारांची बिलं, सेटचे फोटो आणि ते व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवा.

पडल्यावर "प्रयोग थांबता कामा नये" ही परंपरा बाजूला ठेवा. डोक्याला मार लागला, उलटी झाली, पाय टेकवत नाही, तर पडदा पाडायचा. नाट्यगृहाजवळचं रुग्णालय कुठलं आणि गाडी कोणाची, हे व्यवस्थापकांना तिसऱ्या घंटेआधी माहीत हवं.

विम्याकडे हौशी संघ ढुंकूनही बघत नाहीत. स्पर्धेपुरती किंवा दौऱ्यापुरती सामूहिक अपघात विमा पॉलिसी मिळते, पण घेताना उपचारांचा खर्च तिच्यात धरला आहे का ते बघा. स्वतःपुरती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. १८ ते ७० वर्षांच्या कोणाही बँक खातेदाराला ती घेता येते, हप्ता वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख आणि अंशतः कायमचं अपंगत्व आलं तर एक लाख रुपये मिळतात. रुग्णालयाचं बिल ती भरत नाही. तिची मुदत १ जून ते ३१ मे अशी असते आणि हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. खात्यात त्या वेळी पैसे नसतील तर विमा बंद पडलेला असू शकतो, तेव्हा तालमी सुरू होण्याआधी पासबुक एकदा बघून घ्या.